चकतीवरचं कुंकू

१

"पूनम, ह्यात काहीच दिसंना गं," विक्रम म्हणाला, आणि दौंडच्या त्या टीचभर कॉम्प्युटर क्लासात डोक्यावरचा पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

भांडगावच्या बयाबाई खुर्ची असूनही उभ्या होत्या. बसलं की माणूस दबतं, असं त्यांचं मत. शाळा दुसरीत सुटली ती मेंढरांमागं गेल्यामुळं. पण त्यांच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं, आणि चुकून हललंच तर माफी मागून जागेवर जात होतं.

नात पूनम बीएस्सी झालेली. पुण्यात राहून शिकायला बापाची ना. म्हणून तिनं घरबसल्या टपालानं शिकवणारा प्रोग्रामिंगचा कोर्स हुडकून काढला. पुण्याची ती संस्था मोठी चोखंदळ. पैसे घ्यायच्या आधीच म्हणायची, एक प्रोग्राम स्वतः लिहा, फ्लॉपीत भरून पाठवा. जमला असेल तर या, नाही तर राम राम. पूनमनं विक्रमच्या क्लासात तासावर कॉम्प्युटर घेतला आणि मेंढी कधी फळली ते सांगितलं की ती कधी विणार ते सांगणारा प्रोग्राम लिहिला. गुरुवारी तो चालला. विक्रमनं स्वतः पाहिला. पण तिचा बाप हौसराव म्हणाला होता, "माझ्या डोळ्यानं बघीन, मग सही करीन. न्हाईतर केंदूरच्या पाहुण्यांना होकार."

आज सोमवार. हौसराव डोळे घेऊन आला होता आणि पडद्यावर बघायला काही नव्हतं. ही फ्लॉपी वाचता येत नाही, एवढंच तो इंग्रजीत सांगत होता.

"एवढं दिस दौंडच्या वाऱ्या केल्यास त्या ह्याच्यापायी?" हौसरावचा आवाज चढला. "कोरी चकती दावून म्हातारीला फशिवलंस व्हय?"

"आबा, गुरुवारी चालत हुतं! देवाशप्पथ!"

"इथली नक्कल असंल की," बयाबाई विक्रमला म्हणाल्या.

विक्रमनं मान हलवली. "न्हाई आजी. पोरांचं काम मशीनवर ठेवत न्हाई मी, जागाच न्हाई. ज्याचं त्यानं आपापल्या फ्लॉपीत न्यायचं."

"बास झालं," हौसराव म्हणाला. "बुधवारी केंदूरचं येणार. होकार देऊन मोकळा होतो."

"हौश्या, बुधवार अजून उगवायचाय." बयाबाईंनी फ्लॉपी हातात घेतली, खिडकीच्या उजेडाला धरली, उलटीपालटी केली. मग हळूच हसल्या. तसं हसल्या की घरातल्या सुना पदर सावरायच्या.

"ही चकती आपल्या मरणानं मेली न्हाई. हिला कुणीतरी मारलीय. आन् हितल्या मशीनवर न्हाई मारली."

२

विक्रमचा जीव भांड्यात पडला, कारण हौसराव त्याच्याकडंच बघत होता. तसं बघायला कारणही होतं. पूनमनं आपल्या क्लासात फी भरून यावं, हे विक्रम दर भेटीला सांगायचा. ती पुण्याच्या कोर्सला गेली तर त्याचं गिऱ्हाईक गेलं. फ्लॉपी आत घातली त्यानं, पुसायला त्याला किती वेळ लागतोय?

"आजी, तुम्हाला कसं कळलं?" विक्रमनं विचारलं.

"आधी तू सांग. ही कोपऱ्यातली खिटी कशाची?"

"ती सरकवली की फ्लॉपीला कुलूप लागतं. मग तिच्यात नवं काही भरता येत न्हाई आन् आतलं पुसताही येत न्हाई. पुसायचं तर खिटी परत मागं सरकवावी लागती."

"पूनम, कुलूप घातलं हुतंस?"

"गुरुवारीच. इथंच."

"मग बघा." बयाबाईंनी फ्लॉपी दोघांच्या नाकापुढं धरली. खिटीवर आणि तिच्या बाजूच्या प्लास्टिकवर मिळून कुंकवाचं एकच बोट उमटलेलं होतं. वर अक्षतेचा एक दाणा चिकटून वाळलेला. "नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू लावल्याबिगर ठेवती का मी? नांगराला लावती, शिलाई मशीनला लावती, हिलाबी लावलं. वल्लं कुंकू हुतं, त्याचा खपला झालाय. खिटी कणभर हलली असती तर खपल्याला तडा गेला असता, दाणा पडला असता. हाय का तडा?"

तडा नव्हता.

"चकतीच बदलली असंल कुणी," हौसराव म्हणाला. "कुंकू काय कुणीबी लावंल."

बयाबाईंनी आपलं अनामिकेचं बोट वर केलं. त्याचं टोक पूर्वी कधीतरी विळ्यानं गेलेलं, तिरकं. चकतीवरचं बोटही तिरकं होतं.

"बोट कुणाचं लावंल, हौश्या? माझं?"

हौसरावनं चकतीवरचा ठसा आईच्या बोटाशी ताडून पाहिला. विक्रमनं फ्लॉपी परत घेतली आणि डोकं खाजवलं. "पण आजी, कुलूप शाबूत हाय, मग आतला माल गेला कुठनं?"

"तेच तर," बयाबाई म्हणाल्या. "दार न उघडता घर धुतलंय. आसा चोर मी पयल्यांदा बघती."

३

परतीच्या जीपमध्ये बयाबाई गुरुवारपासूनचे दिवस मनाशी मोजत होत्या. गुडघ्यावरचा नवा पट्टा मधूनमधून चाचपत होत्या.

गुरुवारी पूनमनं चकती घरी आणली. बयाबाईंनी तिची पूजा केली आणि आपल्या शिवणाच्या बटव्यात घालून बटवा देवळीत ठेवला. देवळी म्हणजे भिंतीतला देवांचा कोनाडा. त्यात बिरोबाचा टाक, पुढं निरांजन, आणि उरलेल्या जागेत तो बटवा. आज सकाळी पूनमनं चकती काढून आपल्या पर्समध्ये घेतली. म्हणजे जे झालं ते एक तर देवळीत झालं, नाही तर वाटेत.

ह्या दिवसांत देवळीपाशी कोण आलं? घरातली चांगुणा, म्हणजे धाकटी सून, पूनमची चुलती. केंदूरचा मुलगा तिच्या भावाचा. पूनम त्या घरात पडावी म्हणून तिनं नवस बोललेला.

आणि बाहेरचे पोपटराव.

पोपटराव गावातल्या सोसायटीचे संचालक. पांढरे कपडे, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. अलीकडं त्यांनी नवा उद्योग काढला होता. घरबसल्या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचे ते एजंट. "परीक्षा न्हाई, झंझट न्हाई. पुस्तकं आन् फ्लॉप्या घरपोच, वर नोकरीची हमी!" असं ते पारापारावर सांगत फिरत. शनिवारी ते बयाबाईंच्या ओट्यावर, दारातून समोर देवळी दिसेल असे येऊन बसले होते. पूनम तेव्हा रानात होती.

"आक्का, पोरीला आमच्या कोर्सला घाला. त्या पुण्याच्या संस्थेचं काय खरं हाय? आधी परीक्षा घ्यायची म्हंजी काय, उपकार करतात का आपल्यावर?"

"परीक्षेची चकती तयार हाय आमची," बयाबाईंनी ठसक्यात सांगितलं होतं. अभिमानाच्या भरात बटवा उघडून दाखवलीसुद्धा होती. "आळीतल्या सगळ्या पोरी बघत्यात, हिचं काय हुतं ते. हिचं जमलं की रांग लागंल."

पोपटराव हसले होते. मग त्यांनी पिशवीतून एक पट्टा काढला. काळा, जाड, आत गोल काहीतरी शिवलेला.

"गुडघ्यासाठी आणलाय. जपानी हाय. आत शक्तीचे खडे हायत, रक्त खेचून घेत्यात. मोठ्या बहिणीला भेट, पैशे नकोत."

बयाबाईंना फुकटाचं आवडत नसे, पण गुडघ्याला आवडलं.

"फकस्त एक करा, आक्का. पयली रात्र देवापाशी ठेवा, मग बांधा. उघड्या दगडावर ठेवू नका, गुण जातो. मऊ कापडावर ठेवा."

त्यांनी तसंच केलं. रविवारी सकाळी बांधला. गुण आला की नाही, हे त्या अजून ठरवत होत्या.

भांडगावच्या फाट्यावर जीप थांबली आणि बयाबाई उतरता उतरता पुटपुटल्या, "आधी चांगुणीला धरू."

४

चांगुणाला धरायला फार लांब जावं लागलं नाही. ती चुलीपुढं होती आणि बातमी बयाबाईंच्या आधीच तिथं पोचली होती.

"आत्याबाई, मी त्या चकतीला बोटसुदिक लावलं न्हाई!"

"मी इचारलं का?"

"तुमच्या डोळ्यांनी इचारलं."

"मग तोंडानं सांग. देवळीला कवा हात लावलास?"

चांगुणानं भाकरी थापायची थांबवली. "काल सकाळी. पोळक्याचा हूक तुटला हुता म्हणून बटव्यातली सुई घ्यायला गेले. पर चकती फडक्यात गुंडाळलेली तशीच हुती. सुईबी धड मिळाली न्हाई."

"का? बटवा भरलाय की सुयांनी."

"भरलाय, पर एक उचलाय गेलं की सगळ्याच येत्यात. पार झिंज्या धरून बसल्याती एकमेकींच्या. कटाळून तशाच ठेवल्या आन् शेजारच्या नकुशीकडनं सुई आणली. तुमच्या सुयांना गंज धरलाय, आत्याबाई."

बयाबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांच्या सुयांना गंज? दर पंधरवड्याला तेलाच्या बोटानं पुसलेल्या सुया त्या. बुधवारी त्यांनीच गोधडीला चार टाके घातले होते, तेव्हा प्रत्येक सुई शहाण्यासारखी वेगळी निघाली होती.

"केंदूरचा पोरगा तुला लई हवासा वाटतोय नव्हं?" त्यांनी एकदम विचारलं.

चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. "वाटतोय. माझ्या भावाचा पोरगा हाय. पर पोरीचं शिक्षण मोडून न्हाई, आत्याबाई. मला कुणी चौथीच्या पुढं जाऊ दिलं न्हाई, ते मी इसरले न्हाई."

बयाबाईंनी तव्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "भाकरी करपली." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे पाठीवर हात फिरवल्यासारखंच होतं.

त्या उठल्या, देवळीतला बटवा घेऊन ओट्यावर आल्या आणि मांडीवर घेऊन उघडला. चिमटीत एक सुई धरली. खरंच, सगळा जुडगा वर आला, मुंग्यांची माळ लोंबावी तसा. गंजाचा ठिपका नाही.

त्यांनी एक सुई ओढून वेगळी केली आणि गुडघ्याशी धरून निरखू लागल्या. तेवढ्यात सुई बोटातून निसटली. पण खाली पडली नाही. टुणकन उडाली आणि लुगड्यावरून गुडघ्याच्या पट्ट्याला जाऊन चिकटली.

बयाबाईंनी पूनमला अशी हाक मारली की वाड्यातली मेंढरं उठून उभी राहिली.

५

"पोरी, लोहचुंबकानं ह्या चकतीला काय हुतं?"

पूनमचा चेहरा पांढरा पडला. "आजी, पार धुऊन निघती. आतलं सगळं चुंबकाच्याच रेघांनी लिहिलेलं असतं. कुलूपबिलूप काही कामाचं न्हाई मग. कॉम्प्युटरच्या पुस्तकात पयल्या पानावर असतंय, फ्लॉपी चुंबकापाशी नेऊ नका. का गं?"

बयाबाईंनी पट्टा सोडून तिच्या हातात दिला. पूनमनं त्यातले गोल खडे चाचपले, सुई लावून पाहिली. "हा कुठं ठेवला हुता तू?"

"देवळीत. मऊ कापडावर. देवळीत मऊ कापड एकच, माझा बटवा." त्यांचा आवाज खाली आला आणि लगेच परत वर गेला. "माझ्याच हातानं करवलंय. मला हत्यार केलंय!"

हौसरावला बोलावून त्यालाही सुयांचा खेळ दाखवला. तो ओशाळला. पोरीकडं बघायची त्याला हिंमत होईना. पण पोपटरावांचं नाव निघताच तो हडबडला. "आये, त्यांना काय ठावं असणार? भेट म्हणून दिला बिचाऱ्यानं. सोसायटीचा माणूस हाय, उगं नाव घेऊ नको. चुकून झालं असंल."

आणि इथंच गाडी अडली. कारण हौसराव म्हणत होता त्यात तथ्य होतं. पट्टा पोपटरावांनी दिला, चकती पट्ट्यानं मेली, हे सरळ होतं. पण माणसाच्या मनात काय होतं हे सुईला कसं कळणार? पोपटराव छातीवर हात मारून म्हणतील, आक्का, मला काय माहीत! आणि गाव त्यांचंच ऐकेल.

बयाबाईंनी पट्टा परत गुडघ्याला बांधला आणि आवळला.

"उद्या सांजच्याला पोपटरावांना चहाला बोलाव. म्हणावं, तुमच्याच कोर्सच्या कागदावर सही करायचीय, फ्लॉप्यांचा डबा घेऊन या. दौंडच्या विक्रमलाबी सांगावा धाड."

"आये, सही करायची?"

"चहा तरी करायचा," बयाबाई म्हणाल्या.

६

मंगळवारी संध्याकाळी ओट्यावर घोंगडं अंथरलं. पोपटराव आले ते खुशीत. बगलेत कोर्सचा चकचकीत डबा. त्यात नमुन्याच्या दहा फ्लॉप्या, गावोगाव दाखवायला कंपनीनं दिलेल्या. विक्रम कडेला बसला. पूनम दारात उभी. चांगुणानं चहा आणला.

"शेवटी आक्कांनी योग्य तेच ठरवलं," पोपटराव म्हणाले. "गुडघा कसा हाय?"

"पळतोय नुसता! सोडवत न्हाई पट्टा." बयाबाईंनी लुगडं जरा सारून पट्टा दाखवला. "बघू तरी, काय काय देतीय तुमची कंपनी."

पोपटरावांनी कौतुकानं डबा पुढं केला. बयाबाईंनी तो घेतला, झाकण काढलं, फ्लॉप्या बाहेर घेतल्या, आणि तांदूळ निवडायला मांडीवर सूप घ्यावं तशा त्या गुडघ्याकडं न्यायला लागल्या.

"अहो आक्का! आक्का!" पोपटरावांच्या हातातला चहा घोंगड्यावर सांडला. "पट्टा! आधी पट्टा काढा! लांब धरा त्या!"

बयाबाईंचा हात पट्ट्यापासून वीतभर वर थांबला होता. तो तसाच थांबला.

"का वो?"

पोपटरावांनी फ्लॉप्या घ्यायला हात पुढं केला. बयाबाईंनी त्या सोडल्या नाहीत.

"गुडघ्याचा पट्टा हा. शक्तीचं खडं. रक्त खेचत्यात. चकतीत कुठं रक्त असतंय, पोपटराव?"

"न्हाई... म्हंजी... कंपनीनं सांगितलंय, चुंबकापाशी..."

"चुंबक! बघ हौश्या, मी म्हणले का चुंबक? ह्या ओट्यावर कुणी म्हणलं?" बयाबाईंनी फ्लॉप्या डब्यात टाकून डबा विक्रमकडं सरकवला. "ह्या जपून धर लेका. दुसऱ्याचा माल नासवायची आपल्यात रीत न्हाई."

मग त्या बोलायला लागल्या आणि त्यांना कुणी थांबवलं नाही.

"चकतीच्या कुलपावरचं माझं कुंकू शाबूत, म्हंजी कॉम्प्युटरवर पुसली न्हाई. विक्रम सुटला. बोट माझंच, म्हंजी चकतीबी तीच, बदललेली न्हाई. बुधवारी माझ्या सुया सुट्या हुत्या आन् रविवारी सकाळी चांगुणीला त्यांचा जुडगा गावला. पट्टा बांधल्यावर तवर मी बटव्याला हात लावला नव्हता, तरी सुया पट्ट्याच्या वळणाला गेल्या हुत्या, म्हंजी जे घडलं ते शनिवारच्या रातीत, बटव्यात, देवळीत घडलं. त्या रातीत बटव्यावर नवं काय आलं? हा पट्टा. बटव्यात चकती हाय हे बाहेरच्या कुणी बघितलं हुतं? तुम्ही. दगडावर नको, मऊ कापडावर ठेवा, हे कुणी सांगितलं? तुम्हीच. देवळीत दुसरं कापड न्हाई, हे तुम्ही बसल्या जागेवरनं बघितलं हुतं. एवढं सगळं असून मी म्हणणार हुते, चुकलं असंल, अडाणी हाय बिचारा. पर तुमच्या दहा चकत्यांवर आलं तवा तुम्हाला एकदम शिक्षण आलं!"

हौसराव उभा राहिला होता. मघाशी पोपटरावांसाठी अंथरलेलं घोंगडं त्यानं हळूच पायानं गुंडाळायला घेतलं.

"आक्का," पोपटराव खालच्या आवाजात म्हणाले, "ही पोरगी तिकडं गेली असती तर आळीतल्या सगळ्या गेल्या असत्या. माझा धंदा बुडाला असता."

"धंदा?" बयाबाई हसल्या. "मेंढकाच्या घरात मला धंदा शिकिवता? जातिवंत नर देणारा धनगर आधी घेणाऱ्याचा वाडा बघतो, चारा हाय का, राखण हाय का, मग नर देतो. आन् भाकड मेंढी विकणारा दावं हातात कोंबून बाजाराच्या बाहेर पळतो. पुण्याचा कोर्स माझ्या पोरीची पारख करून घेतोय. तुमचा परीक्षाबी घेत न्हाई, वर हमी देतोय! कोणचा निवडायचा ते मला त्याच दिवशी कळलं हुतं. खात्री तेवढी आज तुम्ही करून दिली."

पोपटराव वहाणा शोधू लागले.

"बसा, एक काम राहिलं. सकाळी तुमची जीप काढा आन् पोरीला दौंडला सोडा. तुम्ही पुसलंय, ती परत लिहील. तवर बाहेर उभं ऱ्हावा."

"आन् पट्टा?" पोपटरावांनी कसनुसं विचारलं.

"तो ऱ्हाऊ द्या. सांडलेल्या सुया गोळा करायला बरा हाय."

७

बुधवारी केंदूरचे पाहुणे आले तेव्हा चांगुणानंच त्यांना उंबऱ्यात सांगितलं, "दादा, चहा घ्या, जेवून जा. पर पोरगी परीक्षेला गेलीय. तिचं शिकून होऊ द्या, मग तिलाच इचारू."

तिकडं दौंडला विक्रमनं पूनमसाठी क्लासच मोकळा ठेवला होता, आणि त्या दिवसाचं भाडंही घेतलं नाही. तिनं कशात बघितलं नाही. प्रोग्राम तिच्या डोक्यात होता. चुंबक तिथवर पोचत नाही. मागं हौसराव उभा, त्याच्या मागं बयाबाई, पट्टा घरी ठेवून आलेल्या. बाहेर जीपमध्ये पोपटराव.

"इचार, हौश्या," बयाबाई म्हणाल्या.

हौसराव खाकरला. "आपली काळी... दसऱ्याला फळली."

पूनमनं दसऱ्याची तारीख घातली. पडद्यावर उत्तर आलं. तिनं वाचलं, "होळीच्या आदल्या दिवशी."

हौसराव आईकडं वळला. बयाबाई आधीच बोटांच्या पेरांवर मोजून बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. हौसरावनं खिशातलं पेन काढलं आणि कोर्सच्या कागदावर इतक्या जोरात सही केली की खालच्या कागदावरही उमटली. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिला.

टपालात टाकण्याआधी नव्या चकतीला हळदकुंकू लागलंच. बयाबाईंनी बोट मुद्दाम खिटीवर दाबलं.

प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, त्याच्या मागोमाग पुस्तकांचं जाड पार्सल आलं. संस्थेनं लिहिलं होतं की असा प्रोग्राम त्यांच्याकडं पूर्वी कुणी पाठवला नव्हता. पार्सल आलं त्या दिवशी आळीतल्या पोरी ओट्यावर मावेनात. पहिलं पुस्तक नकुशीची लेक हातात घेऊन बसली आणि सोडायला तयार होईना. बयाबाईंनी साऱ्यांना गूळ वाटला. पट्टा गोठ्यातल्या खुंटीवर टांगला होता, देवांपासून आणि पुस्तकांपासून लांब. सुया मात्र अजून एकमेकींना धरून होत्या. चांगुणा म्हणाली, नव्या आणू. बयाबाई म्हणाल्या, "असू दे. साक्षीदार हायत."

होळीच्या सकाळी पूनम वाड्यातून पळत आली. काळी व्याली होती, कपाळावर पांढरा टिळा असलेलं कोकरू. पण पोरीचं तोंड जरा उतरलेलं.

"आजी, प्रोग्राम एका दिवसानं चुकला गं."

बयाबाईंनी कोकरू उचलून मांडीवर घेतलं आणि बोटानं त्याच्या टिळ्यावर कुंकू लावलं.

"प्रोग्राम कशाला चुकतोय," त्या म्हणाल्या. "मेंढी चुकली."